साक्षी आणि कवच

क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञ शिशाच्या एप्रनाआड छातीवर जो चिमुकला बिल्ला लावतो, त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात: एक धातूच्या गाळणीमागे, दुसरी प्लास्टिकमागे, तिसरी उघडी. अदृश्य किरणांचा आघात त्या मुकाट्याने साठवितात, आणि पुढे प्रयोगशाळेत तापविल्यावर जो क्षीण प्रकाश त्यांतून उमटतो, त्याच्या मापावरून त्या देहाचा हिशेब दप्तरी नोंदला जातो.

हा बिल्ला एकही किरण अडवीत नाही; सांख्यांच्या पुरुषाप्रमाणे तो केवळ साक्षी आहे. मग साक्षित्वाने रक्षण होते काय? रक्षण करते ते शिसे, अंतर आणि वेळेचा संकोच. परंतु या तिघांना वेळीच पाचारण करण्याची बुद्धी त्या नोंदीवाचून जागत नाही. निसर्गाकडूनच जगात माणशी वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा पोचते, तेव्हा संपूर्ण अलिप्तता कोणाच्याच वाट्याला नाही. कामातून येणाऱ्या मात्रेसाठी मात्र आपल्याकडील नियमाने कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वार्षिक २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आखून दिली आहे.

विवेक हाही असाच अंतरीचा बिल्ला होय. वाचकहो, तो खुंटीला टांगून कामावर जाऊ नका.