आधी दार वाजवून बघ

हिंगणघाट

चि. बाबू,


पहाटे पाचला उठलो, चहा टाकला आणि तुला लिहायला बसलो, कारण रात्री तू फोनवर म्हणालास की डेटाबेस लागत नाही, आता सर्व्हर पुसून सगळं नव्यानं टाकतो. अरे, इतकी घाई कशाला?

मी टेलिफोनात होतो तेव्हा लाईन मेली म्हणून कोणी लगेच खांब खोदत नसे. आधी एक्सचेंजात टोन बघायची, मग डीपीवर म्हणजे खांबावरच्या पेटीत, मग घरातल्या फोनपाशी. पुढे कापसाच्या हंगामात इथल्याच एका जिनिंगात वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर ऑफिसातल्याशी बोलेना. पोरानं पिंग केलं, उत्तर आलं, म्हणून नेटवर्क ठीक धरलं आणि प्रोग्रॅम पुन्हा टाकण्यात सकाळ घालवली. बाहेर गाड्यांची रांग! पिंग फक्त घरी कोणी आहे एवढं सांगतं रे, त्याला पोर्ट नसतो. पोर्ट म्हणजे मशीनचं दार; अशी दारं पासष्ट हजारांवर, आणि हवं होतं १४३३ क्रमांकाचं, एसक्यूएल सर्व्हरचं. ते फायरवॉलनं अडवलेलं होतं.

तेव्हा ज्या मशीनवरून डेटाबेस लागत नाही तिच्यावरच बस, आपल्या लॅपटॉपवर नको. लिनक्स असेल तर 'एनसी -झेडव्ही', पुढे पत्ता आणि पोर्ट. विंडोज असेल तर पॉवरशेलात 'टेस्ट-नेटकनेक्शन', पुढे पत्ता, मग '-पोर्ट' आणि क्रमांक. मग उत्तर नीट ऐक. लिनक्सवर 'रिफ्यूज्ड' चटकन आलं, तर बहुधा मशीनपर्यंत पोचलास, त्या दाराशी ऐकणारं कोणी नाही. सर्व्हिस बंद असेल, नाहीतर ती १२७.०.०.१ वरच, म्हणजे घरातल्या घरात, ऐकत असेल. नुसतीच शांतता आणि शेवटी 'टाइम्ड आउट', तर वाटेत फायरवॉल किंवा रस्ताच चुकलेला. नकार आणि मौन यांतला हा फरक धीर धरणाऱ्यालाच ऐकू येतो. उलटंही होतं: पिंग गप्प आणि पोर्ट उघडा, कारण काही जण पिंगच बंद ठेवतात.

परक्या मशीनची दारं न विचारता वाजवायची नसतात, हे तुला सांगायला नको. जे उत्तर येईल ते वेळेसकट पाठकोऱ्या कागदावर लिहून ठेव. नवी वही कशाला फोडतोस?

लागलं की फोन कर. पाचनंतर मी जागाच असतो.

तुझा,
आबाजी