‘मागे फिरू’ म्हणण्याचा अधिकार



आपल्या चौसाळ्याच्या भोवती बालाघाटचा काळा कातळ आहे. पाण्याने तो सहजी विरघळत नाही. म्हणून धाराशिवची असोत की वेरूळची, आपल्याकडची लेणी माणसाने छिन्नीने कोरली. मेघालयात मात्र चुनखडकातून नद्यांनी स्वतःच वाट काढली आहे. तेथील ‘क्रेम लियात प्राह’ ही गुहा तीस किलोमीटरहून लांब आहे. १९९२ पासून देशी-परदेशी शोधक पावसाळा टाळून कोरड्या दिवसांत तेथे जातात आणि कोणी न पाहिलेल्या गुहांचे नकाशे तयार करतात.

हे काम एकट्याचे नाही. मोजपट्टीचे एक टोक धरून एक जण पुढे जातो. दुसरा मागे राहून होकायंत्र पाहतो आणि आकडे लिहून घेतो. दोघांपैकी एक नसेल तर नकाशा होत नाही.

कधी नदीची वाट पूर्ण पाण्याखाली जाते. अशा गुहांत उतरणाऱ्या पाणबुड्यांचे दोन नियम आम्हांला फार विचार करायला लावतात. पहिला : जवळच्या हवेचे तीन भाग करायचे. एक आत जाण्यासाठी, एक परतण्यासाठी आणि तिसरा राखून ठेवायचा, कारण तो जोडीदाराला लागू शकतो. दुसरा : कोणीही, केव्हाही ‘मागे फिरू’ अशी खूण केली की दोघांनीही फिरायचे. कारण विचारायचे नाही, नंतर टोमणाही मारायचा नाही.

हा नियम न्याय्य आहे काय? एकाच्या अंगात बळ आहे, वाट समोर आहे. मग दुसऱ्याच्या भीतीपायी त्याने का थांबावे? हा तर भित्रेपणाला परवाना झाला!

आम्हांला तसे वाटत नाही. नकाशा नसलेल्या जागी पुढे काय आहे हे दोघांनाही ठाऊक नसते. तेव्हा ‘मला जास्त कळते’ असे कोण म्हणणार? अशा अंधारात सोबत्याची भीती हीसुद्धा एक माहिती असते. संत थॉमस अक्वायनस यांनी धैर्याला विवेकाच्या हाताखाली ठेवले आहे. विवेक सुटलेले धैर्य म्हणजे निव्वळ आडदांडपणा. शिवाय गुहा कुठे पळून जात नाही. तीस किलोमीटरचा नकाशा एका दमात झालेला नाही. लोक परत आले, म्हणूनच पुन्हा जाऊ शकले.

आता आपल्याकडे पाहू. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जोड्या निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाची उचल दोघांच्या नावावर. पण येथे एक जण थांबला की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. ‘मागे फिरू’ म्हणण्याला दंड आहे. गर्भाशय काढून टाकलेल्या ऊसतोड महिलांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. प्रत्येकीचे कारण एकच होते असे आम्ही म्हणत नाही. पण थांबण्याची सोय नसलेल्या शरीरावर काय ओढवते, हे त्या आकड्यांत दिसते.

फडावरून परतलेल्या एका ताईंनी एकदा आमच्याजवळ पोटाचे दुखणे सांगितले. आम्ही म्हणालो, “ताई, धीर धरा.” त्या म्हणाल्या, “फादर, धीर हायेच की. थांबाया मिळत नाही.” आम्ही गप्प झालो. त्यांना धीराचा उपदेश नको होता. ‘थांबा, आम्ही आहोत’ असे म्हणणारे कोणी हवे होते. त्या दिवशी आम्ही चुकलो.

प्रभू येशूने शिष्यांना दोघादोघांनी पाठविले. सोबत म्हणजे केवळ बरोबर चालणे नव्हे. सोबत्याच्या वाट्याची हवा राखून ठेवणे आणि त्याच्या ‘बस्स’ला मान देणे, ही सोबत. जेथे थांबण्याला शिक्षा आहे तेथे जोडी नाही, जू आहे.

मुकादमाचा हिशेब आपल्या एकट्याने बदलणार नाही. त्यासाठी सर्वांनी मिळून बोलावे लागेल. पण घरचा हिशेब आपल्या हाती आहे. आज जेवायला बसाल तेव्हा भोवती पाहा. आपल्या घरात असे कोण आहे, ज्याला ‘मी दमले’, ‘मी दमलो’ म्हणायची भीती वाटते?

आपला,
धर्मगुरू