उरलेले पैसे कोणी भरले?

दसऱ्याचे सोने लुटून झाले की सह्याद्रीच्या वाटा मोकळ्या होतात. धाकटी मुले अंगणात किंवा गॅलरीत मातीचा किल्ला रचू लागतात आणि त्यांची थोरली भावंडे खऱ्या किल्ल्यावर जाण्याच्या तयारीला लागतात. बूट हवेत, पाठीवरची सॅक हवी, स्लीपिंग बॅग हवी. नेमक्या याच दिवसांत दुकानांवर सवलतीच्या पाट्या झळकतात आणि गड चढण्यापूर्वी एक निराळीच मोहीम सुरू होते. पाच हजारांची सॅक दोन हजारांत कोठे मिळते?

या मोहिमेतला आनंद मी कमी लेखत नाही. महाग वस्तूची किंमत तिच्या मालकाला विचारावी लागते. स्वस्तात मिळालेल्या वस्तूची तो न विचारता सांगतो. त्या सांगण्यात काटकसरीच्या समाधानापेक्षा पराक्रमाचा भाव अधिक असतो. आपण बाजाराला चीत केले, असे त्याला वाटत असते. पण बाजारात कोणी जिंकले असेल तर कोणी हरलेही असले पाहिजे. पाचांतले दोन हजार आपण दिले; मग उरलेले तीन हजार कोणी भरले? हा प्रश्न हिशेबाचा दिसतो. मला तो नीतीचा वाटतो.

पुष्कळदा ते कोणीच भरलेले नसतात. पाच हजारांचा आकडा केवळ खोडण्यासाठीच छापलेला असतो. येथे कोणाचे नुकसान झालेच तर ते नको असलेली सॅक घरी आणणाऱ्याचे.

कधी ते हौशी माणसांनी भरलेले असतात. कंपन्यांच्या सवलतीच्या दुकानांत गेल्या हंगामातला माल येतो. यंदा निळ्याची चलती, म्हणून गेल्या सालची नारिंगी सॅक निम्म्या किमतीला. डोंगराला रंगाचे सोयरसुतक नसते. ज्यांना ती पहिल्याच महिन्यात हवी होती, त्यांनी आपल्या हौसेचे मोल आधीच चुकते केले आहे. अशी वस्तू खुशाल घ्यावी. शिलाईत किरकोळ दोष आहे, असे सांगून विकलेली वस्तूही तशीच.

कधी मधले हात वगळल्यामुळे वस्तू स्वस्त होते. अमेरिकेतील सिॲटल शहरी लॉइड आणि मेरी अँडरसन हे गिर्यारोहक दांपत्य राहत असे. बर्फात वापरायची चांगली कुऱ्हाड तेथील दुकानांत फार महाग पडे. त्यांनी ती थेट ऑस्ट्रियाहून साडेतीन डॉलरांत मागवली. मित्रांनाही तशीच हवी झाली, आणि १९३८ साली तेवीस जणांनी मिळून एक सहकारी संस्था काढली. तीच पुढे ‘आर.ई.आय.’ या नावाने मोठी झाली. सहकाराचे मोल महाराष्ट्राला निराळे सांगायला नको. एकाला सापडलेला स्वस्त सौदा त्याने दोराला बांधलेल्या सोबत्यांमध्ये वाटून घेतला, ही गोष्ट मला त्या साडेतीन डॉलरांहून मोलाची वाटते.

येथवर सारे ठीक आहे. पण कधी कधी उरलेले पैसे वस्तूच्या पोटातून काढलेले असतात. काठमांडूच्या थामेल पेठेत नामांकित परदेशी कंपन्यांची नावे शिवलेली, पण त्या कंपन्यांनी कधी न पाहिलेली जाकिटे ढिगाने मिळतात. असले जाकीट गावात मिरवायला पुरते. हिमवादळात नाव ऊब देत नाही. १९३५ साली इटलीच्या आल्प्समध्ये पुंता रासिका या शिखरावर सहा गिर्यारोहक मृत्यू पावले. त्या हवामानाला अपुरी पादत्राणे हे त्यामागचे एक कारण मानले जाते. त्यांचा सोबती विताले ब्रामानी याने त्या दुःखातून रबराचा खाचांचा तळवा घडवला. त्याच्याच नावातली अक्षरे जुळवून झालेला ‘विब्रम’ हा शब्द आज जगभरच्या बुटांच्या तळव्यांवर असतो.

दोराची गोष्ट याहून नाजूक. गिर्यारोहणाच्या दोरात भार पेलणारा गाभा आत असतो आणि बाहेरून विणलेले आवरण. आवरण नव्यासारखे दिसत असतानाही गाभा दुबळा झालेला असू शकतो. म्हणून ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही असा दोर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असा जाणत्यांचा दंडक आहे. स्वस्त बूट घेणारा निदान स्वतःचा पाय पणाला लावतो. दोराच्या दुसऱ्या टोकाला मित्र असतो, आणि सौदा करताना त्याला कोणी विचारलेले नसते.

आणि कधी ते पैसे आपण कधीही न पाहिलेल्या माणसाने भरलेले असतात. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. बहुतेक शिवणकाम करणारी. भिंतींना तडे गेल्याचे आदल्याच दिवशी दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावले गेले. मौज अशी की, म्हणजे मौज कसली, तेथे शिवलेले कपडे स्वस्त दुकानांत जात तसे नावाजलेल्या दुकानांतही जात. तेव्हा महाग घेतले की हात स्वच्छ राहिले, हे समाधानही खरे नाही.

मग स्वस्त घेऊच नये काय? असा उपदेश भरल्या खिशाने करणे फार सोपे आहे. स्वस्त दुकाने नसती तर डोंगर श्रीमंतांचेच राहिले असते. फूटपाथवरची सॅक पाठीला लावून ज्याने पहिला गड पाहिला, त्याच्या आनंदात खोट काढण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. मला खटकते ते दुसरेच. काचेच्या दुकानात आपण छापील किंमत निमूटपणे देतो आणि बाहेर येऊन पायरीशी मोजे विकत बसलेल्या बाईशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो. किंमत अवाजवी असेल तेथे आपण घासाघीस करत नाही. समोरचे माणूस दुबळे असेल तेथे करतो. याला काटकसर म्हणणे कठीण आहे.

तात्पर्य एवढेच, की स्वस्त अवश्य घ्यावे, पण उरलेले पैसे कोणी भरले हे मनाशी विचारून घ्यावे. उत्तर ‘फॅशनने’ असे आले तर आनंदाने घ्यावे. ‘वस्तूच्या गाभ्याने’ असे आले तर परत ठेवावे. ‘कोण्या माणसाने’ असे आले, आणि आपल्याला त्याखेरीज परवडत नसले, तर निदान ती वस्तू झिजेपर्यंत वापरावी, उसवली तर शिवून घ्यावी आणि शेजाऱ्याला मागितल्यावर द्यावी. वर्षातून दोनदा लागणारा तंबू चार घरांत मिळून एक असला तरी चालतो. इतका स्वस्त सौदा कोणत्याही पाटीवर लिहिलेला मी पाहिलेला नाही, आणि त्यातले उरलेले पैसे कोणालाच भरावे लागत नाहीत.