अर्जुनाचे कापरे आणि कॅल्शियमची दारे

गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन तत्त्वज्ञान नंतर बोलतो, आधी अंगाची अवस्था सांगतो. गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, कापरे भरले, अंगावर काटा आला, गांडीव हातातून निसटू लागले. आजचा शरीरशास्त्रज्ञ ही यादी ऐकून मज्जातंतूंचे नाव घेईल आणि लगेच मूत्रपिंडाच्या माथ्याकडे बोट दाखवील.

तिथे टोपीसारखी अधिवृक्क ग्रंथी बसलेली असते. तिच्या गाभ्यातल्या पेशींत अ‍ॅड्रिनलिन बारीक पुड्या बांधून ठेवावे तसे साठवलेले असते. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट. पण दारे बंद. मज्जातंतूकडून अ‍ॅसिटिलकोलिनचा निरोप येतो, पेशीच्या आवरणावरचा विद्युतदाब बदलतो, दारे उघडतात, कॅल्शियम आत घुसते आणि आवरणाला टेकलेल्या पुड्या बाहेरच्या बाजूला रित्या होतात. डग्लस आणि रुबिन यांनी 1961 मध्ये मांजराच्या ग्रंथीवर याचा मूळ धागा पकडला. ग्रंथीतून वाहणाऱ्या द्रावणातले कॅल्शियम काढून घेतले की तोच निरोप वाया जाई. ते परत दिले की स्राव सुरू.

मग अर्जुनाचा विषाद म्हणजे कॅल्शियमची ये-जा, एवढेच?

हा प्रश्न श्रद्धावंतानेही टाळू नये. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स 1884 मध्येच म्हणाला होता, की अंग कापते म्हणून माणसाला भीती वाटते. तसे असेल, तर भीती सुईनेही टोचता यायला हवी.

माद्रिदचे डॉक्टर ग्रेगोरिओ मारान्योन यांनी ते करून पाहिले. 1924 च्या त्यांच्या निबंधात 210 जणांना अ‍ॅड्रिनलिन टोचल्याची नोंद आहे. बहुतेकांना धडधड, कंप असे शरीराचेच बदल जाणवले. काही म्हणाले, भ्यायल्यासारखे वाटतेय. त्या ‘सारखे’पाशी जेम्सचे म्हणणे अडते. अंग पुरते ढवळून निघाले होते, पण ज्याला भ्यावे असे समोर काहीच नव्हते.

मोजक्यांना मात्र खरेच भरून आले. सुई देण्याआधी डॉक्टरांनी रुग्णांपाशी त्यांच्या आजारी मुलांचा, वारलेल्या आईवडिलांचा विषय काढला होता, तेव्हा ते शांतपणे बोलले होते. औषध अंगात भिनल्यावर तोच विषय पुन्हा निघाला आणि बांध फुटला.

अर्जुनाने लढाया काही कमी पाहिल्या नव्हत्या. त्या दिवशी त्याने रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध उभा करवला. समोर आजोबा, गुरू, मामा, भाऊ, नातवंडे दिसली. हात थरथरले ते त्यानंतर.