मृत्युपत्रांत गाण्याचा वांटा

मनुष्यानें मरतांना आपलें धन कोणास द्यावें, ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्या खेड्यांतून बहुधा एका शब्दांत मिळतें: मुलांस. ज्यास मूल नाहीं तो पुतण्यास देतो. आणि कोणी अधिक उदार असला तर शाळा, दवाखाना किंवा अनाथालय ह्यांचें नांव घेतो. परंतु एखाद्यानें आपल्या मृत्युपत्रांत गाण्याबजावण्यासाठीं कांहीं ठेविलें, तर लोक काय म्हणतील? म्हातारपणीं बुद्धि फिरली, असेंच बहुतेक म्हणतील. परभणी जिल्ह्यासारख्या मुलखांत, जेथें पावसानें दगा दिला कीं कापूस व सोयाबीन दोन्ही हातचीं जातात, तेथें असें म्हणणाऱ्यास फारसा दोषहि देतां येत नाहीं. तथापि हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं असें आम्हांस वाटतें, म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहों.

ह्याचें एक मोठें उदाहरण मुंबईंत घडलें आहे. प्रसिद्ध अणुशास्त्रज्ञ होमी भाभा हे १९६६ सालीं आल्प्स पर्वतांत विमान कोसळून वारले. मलबार हिलवरील 'मेहरांगीर' नांवाचें त्यांचें घर त्यांचे बंधु जमशेद भाभा ह्यांजकडे आलें. हे जमशेद भाभा नरीमन पॉइंट येथील 'नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स' ह्या, १९६९ सालीं स्थापन झालेल्या संस्थेच्या संस्थापकांपैकीं होते. २००७ सालीं ते वारले, आणि तें घर मृत्युपत्रानें ह्या संस्थेस मिळालें. संस्थेनें २०१४ सालीं घराचा लिलाव केला तेव्हां ३७२ कोटि रुपये आले. ह्याच संस्थेंत २००६ सालीं खुश्रू सनटूक व कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालिएव्ह ह्यांनीं 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' हा वाद्यवृंद उभा केला होता.

ज्यांनीं असा वाद्यवृंद पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. आपल्या भजनी मंडळींत एक पेटी, एक तबला अथवा ढोलकी, आणि टाळ असले कीं काम भागतें. पूर्ण भरलेल्या सिंफनी वाद्यवृंदांत ऐंशीहून अधिक वादक एकत्र बसतात. व्हायोलिन व त्याच्या जातीचीं लहानमोठीं तंतुवाद्यें, बांसऱ्या, पितळी शिंगें, नगारे, हीं सर्व एका संचालकाच्या हाताच्या इशाऱ्यावर चालतात. प्रत्येक वादकाचें शिक्षण लहानपणींच सुरू झालेलें असतें, आणि त्यास पोटापुरतें वेतन मिळालें तरच तो ह्या कामीं टिकतो. तिकिटांच्या पैशांवर एवढा खर्च निघत नाहीं. म्हणून सर्व देशांत अशा वृंदांस सरकारची मदत किंवा लोकांच्या देणग्या लागतात, आणि त्या देणग्यांपैकीं कित्येक मृत्युपत्रांतून आलेल्या असतात.

आतां पहिला आक्षेप ऐका. भुकेलेले शेजारीं असतांना सुरांवर पैसा घालणें हें पाप नव्हे काय? हा आक्षेप नवा नाहीं. बेथानी येथें मरियेनें मोलाचें सुगंधी तेल ओतलें तेव्हां तो घेण्यांत आला होता, आणि घेणाऱ्यानें ३०० रुप्यांचा हिशेबहि करून दाखविला होता. प्रभूनें त्या स्त्रीची बाजू घेतली, हें आपण सर्व जाणतों. परंतु त्या गोष्टीचा आधार घेऊन धनवानानें स्वतःचा शौक झांकूं नये. तिनें जें दिलें तें स्वतःसाठीं राखलें नव्हतें. म्हणून कसोटी अशी लावावी: हें दान कोणाच्या कानांपर्यंत पोंचणार? ज्यांस पूर्वींच सर्व मिळालें आहे त्यांच्याच बैठकींत जें संपतें, तें दान नव्हे, ती मेजवानी होय. उलट ज्या पैशानें एखाद्या गरिबाच्या मुलास वाद्य हातीं धरतां येतें, त्याला पोकळ चैन कोण म्हणेल?

शिवाय गाणें हें श्रीमंतांचें आहे हा समजच आमच्या जिल्ह्यास शोभत नाहीं. जनाबाईचा जन्म आमच्या गंगाखेडचा, असें परंपरा सांगते. ती परक्या घरीं दासी होती. दळणकांडण हाच तिचा धंदा. तिच्यापाशीं मृत्युपत्रांत लिहिण्याजोगी एक वीत जमीन नव्हती. तरी तिच्या मागें जें राहिलें तें शेंकडों वर्षें जात्यावर बसणाऱ्या बायांनीं वारसाहक्कानें घेतलें. दळणाऱ्या बाईला भाकरी आधीं पाहिजे, हें खरें. पण दळतांना ती मुकी बसली नाहीं. गरिबानें गाणें कधींहि चैन मानलें नाहीं. भाकरीनें देह उभा राहतो, आणि गाण्यानें त्या देहाला आपण माणूस आहों ही आठवण राहते. म्हणून दोहोंस दान देतां येतें. मात्र एकासाठीं दुसऱ्याची चोरी करतां येत नाहीं.

दुसरा आक्षेप ह्याहून कठीण आहे: घरच्यांचें काय? ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करतां वारला, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणें विधवेस एक तृतीयांश व लेकरांस दोन तृतीयांश मिळतें, आणि त्यांत मुलगा व मुलगी ह्यांचा वांटा सारखा असतो. मृत्युपत्र केलें म्हणजे हा क्रम बदलतां येतो. ह्याच कायद्याच्या ११८ व्या कलमांत एक अट होती. ज्यास पुतण्या, भाचा, पुतणी, भाची किंवा त्याहून जवळचा नातलग आहे, त्यानें धर्मार्थ दिलेलें दान मृत्युपत्र करून बारा महिने लोटल्यावांचून, आणि तें सहा महिन्यांच्या आंत कायद्यानें नेमलेल्या ठिकाणीं ठेविल्यावांचून, ग्राह्य होत नसे. मरणाच्या भयानें किंवा कोणाच्या भिडेनें मनुष्य आपल्या माणसांस उघड्यावर टाकील, अशी त्यांत शंका होती. केरळांतील एका ख्रिस्ती धर्मगुरूनें ह्याविरुद्ध दाद मागितली, आणि २००३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें कलम समतेच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून रद्द केलें.

निर्णय योग्यच झाला. परंतु कुंपण निघालें म्हणून गुरें शेतांत सोडावयाचीं नसतात. जी राखण कायदा करीत होता ती आतां आपल्या सद्‌सद्विवेकास केली पाहिजे. आईबापांचें पोषण चुकविण्यासाठीं देवाला अर्पण केलें असें म्हणणाऱ्यांस प्रभूनें काय ऐकविलें, तें विसरूं नये. जी बायको चाळीस वर्षें शेतांत राबली तिचें घर विकून जो वाद्यवृंदास किंवा मंदिरास दान देतो, तो दुसऱ्याच्या हातचें हिसकावून उदार होतो. आणि आम्ही पाळक व उपदेशक ह्यांनीं हें विशेष ध्यानांत धरावें. मरणाच्या खाटेशेजारीं आपण प्रार्थनेस जावें. कागद घेऊन जाऊं नये. मृत्युपत्र धडधाकटपणीं, घरच्यांस सांगून, दोन साक्षीदारांसमक्ष करावें. ज्यास त्यांत कांहीं मिळणार आहे त्यानें किंवा त्याच्या पत्नीनें साक्ष घालूं नये. घातल्यास कायद्यानें त्याचें दान बुडतें.

तिसरी गोष्ट देणाऱ्याच्या मनाची आहे. मेहरांगीरचा लिलाव होणार असें कळतांच अणुसंशोधन केंद्राच्या कर्मचाऱ्यांनीं, हें घर होमी भाभांचें स्मारक म्हणून राखावें, अशी मागणी केली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. पण लिलाव थांबला नाहीं, आणि आज तें घर उभें नाहीं. एका थोर मनुष्याची आठवण भिंतींत राखावी कीं भिंती विकून कलेस पोसावी, ह्यावर सज्जनांत मतभेद राहील, आणि आम्ही येथें न्यायाधीश होऊं इच्छीत नाहीं. परंतु देणाऱ्यानें एवढें ओळखावें कीं दिलेली वस्तु आपली राहत नाहीं. ती विकली जाईल, मोडली जाईल, तिचें रूप पालटेल. पेरलेलें दाणें पुन्हां कणगींत मोजावयास मिळत नाहीं. म्हणून हेतु स्पष्ट लिहावा, आणि बारीकसारीक अटींनीं पुढच्या पिढीचे हात बांधूं नयेत.

आमच्या वाचकांपैकीं कोणापाशीं मलबार हिलवर बंगला नाहीं. परंतु ज्याचीं मुलें आपापल्या पायांवर उभीं आहेत, ज्याच्या डोक्यावर कोणाचें देणें नाहीं, त्यानें एका हंगामाच्या उत्पन्नांतून गांवच्या भजनी मंडळीस एक तबला, किंवा गळा असलेल्या एखाद्या पोरक्या मुलीस दोन वर्षांची शिकवणी लिहून ठेवली, तर त्यास वेडा म्हणूं नये. आधीं कर्ज फेडावें, मग घरच्यांचा वांटा काढावा, मग भुकेल्याचा. आणि त्यानंतर जें खरोखर आपलें उरतें, त्यांतला एक वांटा गाण्यास द्यावा.