डोंगरावरचं छप्पर कुणाचं?

पाऊस सरून हवा निवळली की तळोजातल्या उंच इमारतींच्या गच्चीवरून पूर्वेकडे प्रबळगड आणि त्यामागची माथेरानची लांबलचक रांग दिसू लागते. ईशान्येला मलंगगड. मग शनिवारी संध्याकाळी सॅका भरल्या जातात, व्हॉट्सअ‍ॅपवर जमायची वेळ ठरते आणि कुणीतरी नेहमीचा प्रश्न विचारतं: मुक्काम कुठे? देवळात, गुहेत, नाहीतर वाडीतल्या कुणाच्या तरी ओसरीवर, हे उत्तरही ठरलेलं. आपल्या क्लबच्या झोपडीत, असं कुणी म्हणत नाही, कारण तशी झोपडी नसतेच.

युरोपात मात्र गिर्यारोहण क्लब म्हटलं की झोपडी आलीच. स्विस आल्पाइन क्लब 1863 साली स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याने टोडी शिखराच्या अंगावर पहिली झोपडी उभी केली. पुढे जर्मनी-ऑस्ट्रियात अनेक शहरांच्या शाखांनी आपापला डोंगर निवडला, त्यावर घर बांधलं आणि त्याला आपल्या शहराचं नाव दिलं. बर्लिनकरांनी 1879 साली आल्प्समध्ये बांधलेली ‘बर्लिनर हुटं’ आजही चालू आहे. जर्मन आल्पाइन क्लबकडे आज अशी सव्वातीनशेच्या आसपास घरं आहेत. सभासदाला बिछाना स्वस्त पडतो, परक्याला महाग. हिवाळ्यात चालक खाली उतरला तरी एक खोली वापरात राहते, पण अनेक ठिकाणी तिच्या कुलपाची किल्ली सभासदालाच मिळते.

या सगळ्याच्या मुळाशी एक पाद्री होता. ऑस्ट्रियात ओट्झ खोऱ्यातल्या फेंट गावच्या चर्चचा फ्रान्झ सेन. गाव गरीब, शेती तोकडी. डोंगर बघायला येणाऱ्या शहरी लोकांना त्याने आपल्या पाद्रीघरात उतरवून घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी घर वाढवलं, वाटा बांधल्या, वाटाडे तयार केले आणि हे करता करता तो कर्जात बुडाला. 1869 साली जर्मन आल्पाइन क्लब उभा करणाऱ्यांत तोही होता. दार उघडं ठेवणं हा त्याच्या धर्माचाच भाग होता.

मग पन्नास-पंचावन्न वर्षांत त्याच चळवळीने काय केलं? 1921 साली व्हिएन्नातल्या मोठ्या शाखेने ज्यूंना सभासदत्व नाकारलं. त्यांना सामावून घेण्यासाठी ‘डोनाउलांड’ ही वेगळी शाखा निघाली, तर 1924 साली त्या शाखेलाच संघातून काढून टाकण्यात आलं. कित्येक झोपड्यांच्या दारांवर ज्यूंना प्रवेश नसल्याच्या पाट्या लागल्या. वादळात सापडलेल्या माणसासाठी बांधलेल्या घराच्या उंबरठ्यावर त्याची जात विचारली जाऊ लागली. हे नाझी सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधीचं आहे. त्यामुळे सगळा दोष हिटलरच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. छप्पर क्लबच्या मालकीचं झालं की आत कोण आणि बाहेर कोण हे क्लब ठरवणार, आणि ते ठरवताना तो आपल्या काळाचे सगळे रोग सोबत आणणार.

डोंगरावरच्या आसऱ्याला मालक असावा का, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे आणि सह्याद्रीत तो दोन हजार वर्षांपूर्वीच कातळावर कोरून सोडवायचा प्रयत्न झाला आहे.

राजमाचीला कर्जतच्या बाजूने चढणारे कोंढाण्याच्या लेण्यांपाशी दम खायला थांबतात. चैत्याच्या कमानीचे फोटो सगळेच काढतात, शेजारच्या विहाराच्या खोल्यांत फार कमी जण डोकावतात. एक माणूस आडवा होईल एवढी खोली आणि भिंतीला लागून कातळातच सोडलेला ओटा. त्यावर अंथरूण घातलं की झालं. भिक्षू एरवी फिरते, पण पावसाचे महिने त्यांनी एका जागी काढायचे असा नियम होता, आणि सह्याद्रीतला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला नियमाचं कारण सांगावं लागत नाही.

या आसऱ्यांचा खर्च कुणी केला? कार्ल्याच्या चैत्यगृहात दात्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे व्यापारी आहेत, सुगंधी द्रव्यं विकणारा एक जण आहे, एक सुतार आहे, यवनही आहेत. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख तर एखाद्या ट्रस्टच्या दस्तासारखा वाचता येतो. त्याने लेणं दिलं आणि सोबत 3000 कार्षापणांची ठेव ठेवली: 2000 कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. पावसाळा तिथे काढणाऱ्या वीस भिक्षूंना त्या व्याजातून वस्त्रासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे. मूळ रकमेला हात लावायचा नाही. याच गृहस्थाने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे चौसोपी विश्रामगृहं बांधली, आपल्या डहाणूसह अनेक ठिकाणी नद्यांवर फुकट नावा सुरू केल्या आणि ब्राह्मणांनाही भरघोस दानं दिली.

लेणं कुणाला दिलं, हेही त्या लेखात आहे: चारी दिशांच्या भिक्षुसंघाला. कुठल्या एका पंथाच्या, गावच्या किंवा गुरूच्या भिक्षूंना नव्हे. आलेल्यांचं आणि अजून न आलेल्यांचं, अशी ही मालकी. उद्या कुठून कोण येईल ते माहीत नाही, तरी ओटा आजच त्याचा. अर्थात इथेही रेघ आहेच, भिक्षूचं चीवर घातलेला आणि न घातलेला. पण सभासदांची यादी नाही, एवढं मानायला हवं.

मुंबईच्या क्लबांनी यांपैकी काहीच केलं नाही. 1928 साली स्थापन झालेल्या हिमालयन क्लबने सिक्कीममध्ये झोपड्या बांधल्या, पण तो साहेबांचा जमाना. 1954 साली मुंबईत निघालेल्या गिरिविहारने सह्याद्रीचे कडे पालथे घातले, 1988 साली वसंत वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली कांचनजंगावर मोहीम नेली, तळोजापासून फार लांब नसलेल्या नवी मुंबईत 2016 आणि 2017 साली प्रस्तरारोहणाचा विश्वचषक भरवला. डोंगरावर मात्र विटेवर वीट ठेवली नाही. इतर क्लबांचंही बहुतेक तसंच. ‘आम्ही डोंगरावर काही मागे ठेवत नाही’ असं ट्रेकर अभिमानाने सांगतात. त्या अभिमानात तथ्य आहे, पण ते अर्धंच. राजगडाच्या पद्मावती मंदिरात रात्री पथाऱ्या अंथरल्या जायच्या, तेव्हा छप्पर देवीचं असायचं. प्रबळगडाच्या पदरातल्या प्रबळमाचीवर पिठलं-भाकरी खाऊन लोक आडवे होतात, ते ठाकर आदिवासींच्या अंगणात. स्वतःचं काही नाही म्हणून याला अपरिग्रह म्हणायचं, तर दुसऱ्याच्या परिग्रहावर चाललेला अपरिग्रह म्हणावं लागेल.

देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणं घेऊन माणूस जन्माला येतो, हे सगळ्यांना पाठ असतं. शतपथ ब्राह्मणात मात्र ऋणं चार आहेत. चौथं माणसांचं. ते फेडायचा मार्गही तिथे दिला आहे: माणसांना आपल्याकडे राहायला जागा द्यायची आणि जेवायला घालायचं. पुढच्या परंपरेत तिघांचाच गाजावाजा झाला, चौथं मागे पडलं. देवाला आणि पितरांना द्यायचं ते तिथीवर देता येतं, माणूस मात्र तिथी न पाहताच दारात उभा राहतो, हेही कदाचित त्याचं कारण असेल.

प्रबळमाचीवर हे ऋण रोज फेडलं जातं. पैसे घेऊन, हे खरं. पाहुण्याचा गिऱ्हाईक झाला म्हणून शहरी माणूस हळहळतो, पण ती हळहळ जरा सोयीची आहे. चढावरून पाणी आणि सरपण आणणाऱ्या बाईने पाहुणचार फुकटच करावा, अशी अपेक्षा त्यात लपलेली असते. खरा प्रश्न पैसे दिल्यानंतरचा. हिशेब चुकता झाला की संबंधही संपला का?

या प्रश्नाला 19 जुलै 2023 च्या रात्री भयंकर धार आली. प्रबळच्या शेजारच्या इर्शाळगडाच्या पदरात इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती होती. गडावर जाणारी वाट तिथूनच जायची आणि ट्रेकर तिथेच टेकायचे. त्या रात्री दरड कोसळून वाडी गाडली गेली. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ता राहिले. वर यंत्रं नेता येत नव्हती, गाळ हातांनी उपसावा लागला. मदतीला धावलेल्यांत खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारखे ट्रेकरही होते. ज्यांच्या ओसरीवर कधी पाठ टेकली, त्यांच्याच घरावरचे दगड ते बाजूला करत होते. वाचलेल्यांसाठी पुढे सिडकोने खाली चौकजवळ घरं बांधली.

इतरांना आसरा देणाऱ्यांचा आसरा मुळातच किती कच्चा होता, हे त्या रात्री सगळ्यांना कळलं. तसं पाहिलं तर जो तिथे कधी राहून आला होता, त्याला ते आधीच दिसायला हवं होतं. प्रबळ आणि माथेरानच्या उतारांवर अशा वाड्या अजून आहेत. तिथे क्लबांनी झोपड्या बांधाव्यात असं नाही. झोपडी आली की किल्ली आली, आणि किल्ली कुणाच्या हाती द्यायची हा वाद आला. पण उषवदाताचा दस्त हाताशी आहे. मूळ रक्कम न मोडता, दर पावसाळ्यापूर्वी व्याजातून वाड्यांवरच्या छपरांची, निचऱ्याच्या चरांची आणि वरच्या भेगांच्या पाहणीची सोय करणारी ठेव शहरातल्या क्लबांना मिळून उभी करता येईल. वर्गणी जमायला फार वेळ लागणार नाही. पहिलं भांडण होईल ते फलकावर कुणाचं नाव लावायचं यावरून.