तासाची मजुरी आणि दिवसाची भाकर

आपल्या बहुतेक मंडळ्यांत आज एक तरी तरुण किंवा तरुणी अशी असते, की जिच्याविषयी वडीलधारी माणसे अभिमानाने सांगतात, "कॉलेजात शिकवते." ती कोणत्या अटींवर शिकवते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. महाराष्ट्रात अशा शिक्षकांना तासिका तत्त्वावरील प्राध्यापक म्हणतात. बेळगाव-धारवाडकडे अतिथी उपन्यासक, तर इंदूर-ग्वाल्हेरकडे अतिथी विद्वान. 'अतिथी' हा शब्द कानाला गोड लागतो. पण ज्या पाहुण्याला दर वर्षी नव्याने दार ठोठवावे लागते आणि सुट्टीच्या महिन्यांत ज्याच्या पानावर बहुधा काहीच वाढले जात नाही, त्याला पाहुणा तरी कसे म्हणावे?

या शिक्षकांपैकी विज्ञान शिकवणाऱ्यांचा विचार आम्ही येथे मुद्दाम करीत आहो. कारण विज्ञानाचे शिकवणे घड्याळाच्या तासात मावत नाही. रसायनशास्त्राच्या एका प्रात्यक्षिकासाठी द्रावणे आदल्या दिवशी करून ठेवावी लागतात, त्यांची तीव्रता तपासावी लागते, बुरेटच्या तोट्या गळत नाहीत ना हे पाहावे लागते. वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाला सकाळीच ओढ्याकाठी जाऊन ताजे नमुने आणावे लागतात. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला वीस जणांचे आलेख आणि जर्नले तपासावयाची असतात. वेळापत्रकात यांतील काहीच दिसत नाही आणि वेळापत्रकात जे दिसत नाही त्याचा मोबदला नाही. महाराष्ट्रात तर प्रात्यक्षिकाच्या तासाचा दर व्याख्यानाच्या तासापेक्षा कमी धरला जातो. वस्तुतः विज्ञान कानांनी ऐकून जितके कळते, त्याहून अधिक ते हातांनी करून कळते.

इतके असूनही ही माणसे शिकवीत राहतात. का? दुसरी नोकरी नाही, हे एक उत्तर. आणि पुष्कळांच्या बाबतीत ते खरे आहे. पण तेवढ्याने सगळे उलगडत नाही. कोणाला शेवाळे आणि दगडफूल यांचे वेड असते, कोणाला स्फटिकांचे, कोणाला ताऱ्यांचे. आपल्याला जे पाहून आनंद झाला ते दुसऱ्याने पाहावे, ही शिक्षकाची मूळ भूक होय. दुर्दैवाने नेमकी हीच भूक उपाशी राहते. कायम प्राध्यापकांनी आपापले विषय निवडल्यावर जे उरते ते तासिकेवाल्याच्या वाट्याला येते. दगडफुलांवर संशोधन केलेल्या बाईंना सर्व शाखांना सक्तीचा असलेला पर्यावरणाचा पेपर मिळतो आणि पुढच्या वर्षी तोही दुसऱ्याकडे जातो. एकच विषय पाच वर्षे शिकवीत शिक्षक मुरतो. यांना मुरण्यास अवधीच मिळत नाही.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. मनुष्याला कामाची आवड असली, तर त्या आवडीच्या बळावर त्याला कमी मजुरी देणे न्याय्य आहे काय? असे उघडपणे कोणी म्हणत नाही. परंतु व्यवहार तसाच चालतो. "त्यांना शिकवण्याची हौस आहे," "अनुभव मिळतो," "ही सेवा आहे," अशी वाक्ये आपण ऐकतो. 'सेवा' हा शब्द तर आपल्या ख्रिस्ती लोकांच्या जिभेवर विशेष चटकन येतो. परंतु सेवा ही करणाऱ्याने स्वतः अर्पण करावयाची वस्तू आहे, दुसऱ्याने ती त्याच्याकडून वसूल करावयाची नाही. विधवेने दानपात्रात दोन टोल्या टाकल्या म्हणून प्रभूने तिची वाखाणणी केली. तिच्याकडून त्या काढून घेणाऱ्यांची केली नाही. उलट, विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयीचा कडक इशारा त्याच गोष्टीच्या अगोदर आला आहे.

काही जण म्हणतील, गरिबीने प्रतिभा अडत नाही. जॉन डाल्टन यांचेच उदाहरण घ्या. १८०० साली मँचेस्टरच्या विद्यालयातील जागा सोडल्यावर हा क्वेकर पंथाचा साधा मनुष्य खाजगी शिकवण्या करून पोट भरीत असे, आणि त्याच काळात त्याने अणुसिद्धान्त मांडला. हे खरे आहे. पण डाल्टन अविवाहित होता, त्याच्या गरजा थोड्या होत्या. आणि १८३३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याला निवृत्तिवेतन दिले, म्हणजे त्याच्या देशालाही ती स्थिती शोभणारी वाटली नाही. एक डाल्टन तरला म्हणून शेकडोंना पाण्यात ढकलण्याची मुभा कोणाला मिळत नाही.

त्याच्या शेजारी आपल्या जवळचे उदाहरण ठेवू. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. त्यांचे नेमलेले काम सुवार्तेचे व शाळेचे. पण त्यांना दगडांची आवड होती. नागपूरच्या आसपासचे खडक आणि त्यांतील जीवाश्म त्यांनी इतक्या बारकाईने पाहिले की आजही भूगर्भशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव घेतले जाते. १८६३ मध्ये पुराच्या ओढ्यात बुडून त्यांचा अंत झाला आणि १८८३ मध्ये निघालेल्या नागपूरच्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव मिळाले. त्यांच्या आवडीला वाढण्यास जागा का मिळाली? उद्याची भाकर कोठून येईल, ही काळजी मिशनने त्यांच्या डोक्यावरून उतरवली होती. आवड ही भाकरीच्या जागी ठेवावयाची वस्तू नव्हे. भाकर मिळाल्यावर ती फुलते.

आता देवाच्या वचनाकडे वळू. द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला (मत्तय २०) आपण नेहमी कृपेचा दाखला म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात तासाच्या मजुरीचाही प्रश्न आहे. अकराव्या ताशी आलेल्या कामकऱ्यांनी एकच तास काम केले. ते आळशी नव्हते. त्यांना कोणी कामावर लावले नव्हते. आजच्या नेट-सेट उत्तीर्ण तरुणाचे उत्तरही हेच आहे. धन्याने त्यांना तासाच्या हिशेबाने पैसे दिले असते तर कोणताही कायदा मोडला नसता. पण त्याने पूर्ण दिनार दिला, कारण दिनार ही एका दिवसाची मजुरी, म्हणजे एका घराची एका दिवसाची भाकर होती. मनुष्य तासाने राबला तरी त्याची मुले तासाने जेवत नाहीत. आपल्या पैशाचे आपल्या इच्छेप्रमाणे करण्याचा अधिकार त्या धन्याने सांगितला खरा. पण तो अधिकार त्याने अधिक देण्यासाठी वापरला, कमी देण्यासाठी नव्हे. आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. त्याने मजुरी त्याच संध्याकाळी दिली. मजुराचे वेतन सूर्य मावळण्यापूर्वी द्यावे, अशी आज्ञा अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. ज्यांचे मानधन महिनोन् महिने कागदपत्रांत अडकून पडते, त्यांच्यावर किती सूर्य मावळतात याचा हिशेब कोणी ठेवावा?

"भाडोत्री मेंढपाळ लांडगा येताच पळतो, म्हणून तासिकेवाल्यांकडून जिव्हाळ्याची अपेक्षा नको," असेही कोणी योहानाच्या दहाव्या अध्यायाचा आधार घेऊन म्हणेल. पण त्या मनुष्याला भाडोत्री केले कोणी? ज्याला कळपात वाटा नाही, विभागाच्या सभेत खुर्ची नाही, ग्रंथालयाचे कार्ड नाही, त्याच्यापाशी मेंढपाळाचे अंतःकरण मागणे हा अन्याय आहे. आणि पुष्कळ ठिकाणी ते अंतःकरण न मागताही मिळत आहे, याबद्दल आपण देवाचे आभार मानावे.

जगाच्या न्यायालयालाही हे दिसू लागले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधील सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दरमहा ३०,००० रुपयांच्या वेतनाबद्दल खेद व्यक्त केला. समारंभांत गुरूची स्तोत्रे म्हणणे पुरेसे नाही, अशा आशयाचे बोलही सुनावले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी शिक्षकांसाठी व्याख्यानास १,५०० रुपये आणि महिन्यास जास्तीत जास्त ५०,००० रुपये असे मान ठरवून दिले. पण ठरलेले मान आणि हाती येणारे मानधन यांत अनेक ठिकाणी मोठे अंतर आहे.

मग शिक्षकाचे कर्तव्य काय? मजुरी अर्धी म्हणून शिकवणेही अर्धे करावे काय? आमचे उत्तर नाही असे आहे. बाकावरच्या मुलाने तो दर ठरवलेला नाही. खेड्यातून पहिल्यांदाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणाऱ्या मुलीला आपल्या रागाचा हप्ता भरावा लागू नये. परंतु पूर्ण शिकवणे म्हणजे मुकाट राहणे नव्हे. याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगतो की अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ते ओरडणे सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. जे ओरडणे देव ऐकतो ते तोंडाने काढण्यात पाप नाही. वर्गात निष्ठा आणि वर्गाबाहेर न्यायाची मागणी, ही दोन्ही एकाच विवेकाची कामे आहेत.

मंडळीचे कर्तव्य त्याहून सोपे आहे आणि म्हणूनच ते टळत राहते. आपल्यापैकी जे शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत त्यांनी पुढच्या सभेत चार प्रश्न विचारावे. मानधन दर महिन्याला ठरलेल्या तारखेस मिळते काय? प्रात्यक्षिकाचा तास पूर्ण तास धरला जातो काय? प्रत्येक अंशकालीन शिक्षकाला त्याच्या अभ्यासाचा निदान एक विषय सलग काही वर्षे दिला जातो काय? त्याला प्रयोगशाळेत स्वतःच्या कामासाठी जागा आहे काय? शेवटच्या दोहोंस तर पैसाही फारसा लागत नाही. आणि जे कोणत्याच सभेवर नाहीत त्यांनी उपासनेनंतर त्या तरुणाला "अजून परमनंट नाही?" असे विचारण्याऐवजी "सध्या काय शिकवता?" असे विचारावे. त्याच्या दगडफुलांविषयी दहा मिनिटे ऐकून घ्यावे. तरुण संघात त्याला एक संध्याकाळ द्यावी. मुलांना देवाची सृष्टी भिंगातून पाहू द्यावी.

द्राक्षमळ्याचा धनी दिवसातून पाच वेळा बाजारात गेला. आपणांस तितके हिंडावयाचे नाही. अकराव्या ताशी उभा राहिलेला मनुष्य आपल्याच बाकावर, आपल्या शेजारी, स्तोत्रसंहिता उघडून बसलेला आहे.